गाठीची रसद

दिवाळीच्या अंकात आजारपणाचा विषय काढू नये, असा एक संकेत आहे. फराळाच्या ताटाशेजारी औषधाची बाटली ठेवू नये, तसाच तो. गेली कित्येक वर्षे या सदरात मी तो इमानाने पाळत आलो. दिवाळी आली की तळणीचे तेल, मुलांची बिघडलेली पोटे आणि फटाक्यांनी भाजलेली बोटे यांच्यापलीकडे मी गेलो नाही. यंदा मात्र तो संकेत मोडतो आहे. कारण यंदा आमच्या शेजारच्या अण्णांनी मला एक प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर देता देता माझ्या ध्यानात आले की हा प्रश्न एकट्या अण्णांचा नाही. तो कोणत्याही दिवशी तुमच्या-आमच्या घराची कडी वाजवील असा आहे.

मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरले की आमचे शांती नगर. आज ते गजबजलेले, गर्दीने फुललेले आहे. पण १९८०च्या दशकात गिरगाव, लालबाग, दादरच्या चाळींतून जी कुटुंबे इकडे आली, त्यांना भोवतालची मिठागरे आणि संध्याकाळचे डास यांचीच आठवण अधिक. अण्णा त्यांतले. गिरगावातली दहा बाय बाराची खोली सोडून, प्रॉव्हिडंट फंड आणि वहिनींच्या पाटल्या मोडून त्यांनी इथे दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. लोकलच्या दाराशी लोंबकळत तीस वर्षे नोकरी केली, मुलाचे शिक्षण केले, त्याचे लग्न केले, आणि निवृत्त होऊन ते इतिहासाची पुस्तके वाचत बसले. माझा दवाखाना त्यांच्या घरापासून दोन इमारती सोडून. संध्याकाळी रोगी संपले की अण्णा येऊन बाकावर बसत आणि मला पानिपत समजावून सांगत.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांना दोनदा लालसर लघवी झाली. दुखले-खुपले काहीच नाही. वहिनी म्हणाल्या, उन्हाळी लागली असेल. धने-जिऱ्याचे पाणी झाले, सब्जा झाला. रक्त आपोआप थांबले आणि अण्णा ती गोष्ट विसरले. रोज माझ्या बाकावर बसत होते, पण मला एका शब्दाने बोलले नाहीत. ‘एवढ्याशासाठी डॉक्टरला कशाला त्रास?’ हा आपल्या मध्यमवर्गीयांचा मोठा सद्गुण आहे, आणि तोच पुष्कळदा आपला घात करतो.

सहा महिन्यांनी खोकला सुरू झाला, वजन उतरले, पॅन्ट कमरेला सैल झाली, तेव्हा ते आले. सोनोग्राफी झाली, मग स्कॅन झाला. उजव्या मूत्रपिंडात गाठ, आणि फुप्फुसांत तिची पिले. परळला टाटा रुग्णालयात तुकडा काढून तपासला. मूत्रपिंडाचा कर्करोग, पुढच्या पायरीला गेलेला. तिथल्या डॉक्टरांनी सगळे नीट समजावले आणि एक गोळी लिहून दिली. ही गोळी गाठीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रोखते, असे सांगितले.

त्या रात्री अण्णा माझ्याकडे आले. बाकावर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “डॉक्टर, दोनच गोष्टी विचारतो. या गोळीनं गाठ मरते, की नुसती उपाशी राहते? आणि ती उपाशी राहीपर्यंत आमचं घर जेवेल ना? पोरगा फ्लॅट विकायचं म्हणतोय.”

या प्रश्नाचे दोन अर्धे आहेत. पहिला शरीराचा आहे, दुसरा संसाराचा. दोन्हींची उत्तरे मी त्यांना जमेल तशी दिली. तीच येथे देतो.

पहिला अर्धा घेऊ. शरीरातली कोणतीही पेशी रक्तावर जगते. प्राणवायू आणि अन्न तिला रक्तातून मिळते. कर्करोगाची गाठ झाली तरी तिला हा नियम चुकत नाही. ही साधी गोष्ट पक्की मनात धरून एका माणसाने आयुष्य घालवले. त्याचे नाव जूडा फोकमन. अमेरिकेतल्या एका ज्यू धर्मगुरूचा हा मुलगा शल्यवैद्य झाला. १९६०च्या सुमारास तो नौदलाच्या प्रयोगशाळेत कृत्रिम रक्ताच्या कामावर होता. तेव्हा प्राण्याच्या गळ्यातली एक ग्रंथी काचेच्या पात्रात जिवंत ठेवून तिच्यात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने कर्करोगाच्या पेशी सोडून पाहिल्या. गाठ वाढली, पण मोहरीच्या दाण्याएवढी होऊन थांबली. मेली मात्र नाही. तीच गाठ उचलून जिवंत उंदरात ठेवली, तर भराभर फुगली. फरक एकच होता. काचपात्रात नव्या रक्तवाहिन्या फुटत नव्हत्या, आणि उंदराच्या अंगात त्या गाठीकडे धावत जात होत्या.

फोकमनने यातून जो तर्क काढला तो १९७१ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात मांडला. एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायचे तर गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात. त्या फुटाव्यात म्हणून गाठ भोवताली कसला तरी रासायनिक निरोप धाडते. तो निरोप अडवला तर गाठ वाढणार नाही. आज हे शाळेतल्या मुलालाही पटेल. पण तेव्हाचे मोठमोठे पंडित हसले. फोकमन बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात शल्यवैद्य म्हणून काम करीत राहिला आणि वर्षानुवर्षे हसू सोशीत राहिला. १९८९ साली तो निरोप नेणाऱ्या द्रव्याची ओळख पटली. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला वाढायला लावणारे ते प्रथिन होते. ते अडवणारे पहिले औषध २००४ साली अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झाले. फोकमन २००८च्या जानेवारीत गेला. आपला तर्क खरा ठरलेला पाहून गेला, हे बरे झाले.

“म्हणजे वेढा,” अण्णा म्हणाले. “किल्ल्यावर तोफा डागायच्या नाहीत. रसद तोडायची.”

मला तो शब्द इतका आवडला की पुढे आमच्या बोलण्यात तोच राहिला. नेहमीची केमोथेरपी म्हणजे तोफा. त्या गाठीवर पडतात, तशा भोवतालच्या वस्तीवरही पडतात. आणि मूत्रपिंडाचा कर्करोग या तोफांना बहुधा दाद देत नाही. ही त्याची जुनी खोड. गाठ मूत्रपिंडापुरती असेल तर शस्त्रक्रियेने काढावी आणि पुष्कळजण पार बरे व्हावेत. पण एकदा ती फुप्फुसात-हाडात पोचली, की २००५ पर्यंत डॉक्टरांच्या हाती फारसे काही नसे. इंटरफेरॉन आणि इंटरल्यूकिन अशी दोन इंजेक्शने होती. त्यांचा त्रास बराच, आणि गुण थोड्यांनाच.

मग नेमका हाच कर्करोग या वेढ्याला वश का व्हावा? त्याचे कारण मला फार गमतीचे वाटते. आमच्या शांती नगरात पाण्याची टाकी आणि टँकर यांच्यावाचून गप्पा होत नाहीत, म्हणून अण्णांना मी ते टाकीच्या भाषेत सांगितले. समजा, एका इमारतीचा वॉचमन रोज गच्चीवर जाऊन टाकी पाहतो. भरलेली असेल तर टँकरला नको म्हणून सांगतो. एक दिवस तो नाहीसा झाला. टाकी काठोकाठ भरलेली आहे, पण नको म्हणणारा कोणी नाही. म्हणून टँकरवर टँकर येतच राहतात. मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा जो नेहमी आढळणारा प्रकार आहे, त्यात अगदी असे होते. पेशीत प्राणवायू पुरेसा असला की ‘नव्या रक्तवाहिन्या नकोत’ असे सांगणारे एक जनुक असते. जर्मनीचा नेत्रवैद्य फॉन हिपेल आणि स्वीडनचा लिंडाऊ यांनी वर्णिलेल्या एका आनुवंशिक रोगावरून त्याला नाव पडले आणि १९९३ साली ते सापडले. या कर्करोगात बहुधा ते जनुकच मोडलेले असते. मग पेशीला वाटते, आपण गुदमरतो आहोत. आणि ती रक्तवाहिन्यांना हाका मारीत सुटते. म्हणून ही गाठ रक्ताने नुसती डवरलेली असते. जी रसदेवर इतकी विसंबून, तिची रसद तोडली तर ती अधिक हादरणार, हे उघड आहे. पेशीला प्राणवायूची चाहूल कशी लागते हे उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना, केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना, २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

२००५च्या डिसेंबरात सोराफेनिब नावाची गोळी मूत्रपिंडाच्या पुढे गेलेल्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्य झाली, आणि पुढच्याच महिन्यात सुनिटिनिब. मागून पाझोपॅनिब, अॅक्सिटिनिब अशी भावंडे आली. अण्णांना मिळाली ती याच कुळातली. रक्तवाहिन्यांच्या पेशींवर त्या निरोपाची जी कडी असते, ती आतून वाजू न देणे हे या गोळ्यांचे काम.

येथे एक गैरसमज दूर करतो. मांडीतल्या धमनीतून बारीक नळी घालून गाठीकडे जाणारी रक्तवाहिनी बुजवायची, अशीही एक रीत आहे. ती वेगळी. मूत्रपिंडाच्या गाठीतून रक्तस्राव थांबत नसेल तेव्हा, किंवा क्वचित शस्त्रक्रियेआधी, ती करतात. ती एका जागची एक वाट बंद करते. गोळी मात्र अंगभर फिरते आणि फुप्फुसातल्या पिलांचीही वाट अडवते.

आता अण्णांच्या शब्दांत विचारायचे तर, गाठ मरते की उपाशी राहते? खरे सांगायचे तर बहुधा उपाशी राहते. आक्रसते, थांबते, काही जणांत पुष्कळ लहान होते. पण नाहीशी होणे विरळा. सोराफेनिबच्या मोठ्या चाचणीत, आधीचे उपचार हरलेल्या रोग्यांत गाठ पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मधला काळ साडेपाच महिने निघाला. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत तो २.८ महिने होता. सुनिटिनिबच्या चाचणीत हा काळ ११ महिने, आणि इंटरफेरॉन घेणाऱ्यांत ५ महिने. हे दोन्ही अहवाल २००७ साली आले. हे आकडे ऐकून अण्णांचा चेहरा उतरला. मी म्हणालो, “अण्णा, हा मधला आकडा आहे. अर्धे लोक त्याच्या अलीकडे, अर्धे पलीकडे. पलीकडचे काही वर्षानुवर्षे पलीकडे राहतात. तुम्ही कोणत्या अर्ध्यात, हे आज कोणी सांगू शकत नाही. जो सांगतो म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका.”

वेढ्याचे आणखी एक लक्षण अण्णांनीच ओळखले. किल्ला फार दिवस वेढला की आतले लोक चोरवाट शोधतात. गाठही शोधते. एक निरोप अडला की दुसरा धाडते. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी स्कॅन करायचा, आणि चोरवाट सापडल्याची खूण दिसली की गोळी बदलायची. आज डॉक्टरांच्या भात्यात त्यासाठी पुढचे बाण आहेत. शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशींना जागे करणारी औषधे, ज्यांना इम्युनोथेरपी म्हणतात, ती २०१५ पासून या कर्करोगात आली. आणि आता पुष्कळ ठिकाणी पहिल्याच दिवसापासून ती आणि रसद तोडणारी गोळी जोडीने देतात. नुसत्या गोळीपेक्षा जोडी सरस ठरली आहे. पण ती सलाइने फार महाग, म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच घरांत अजून गोळीवरच भिस्त असते. आणि येथूनच प्रश्नाचा दुसरा अर्धा सुरू होतो.

पानिपतावर मराठ्यांची रसद तुटली. दोन-अडीच महिने भाऊसाहेबांची फौज कोंडली गेली, आणि १४ जानेवारी १७६१ला उपाशीपोटी लढली. अण्णा हे मला शंभरदा सांगत आले होते. त्या रात्री त्यांनी त्यातून जो अर्थ काढला, तो माझ्या डोक्यात आधी आला नव्हता. “डॉक्टर,” ते म्हणाले, “वेढा घालणाऱ्याचीही रसद असते. ती आधी संपली, तर वेढा उठतो.”

ही गोळी दोन आठवड्यांचा कोर्स नव्हे. ती महिन्यामागून महिना घ्यायची असते, जोवर गुण देते तोवर. म्हणजे गाठीचे दाणापाणी आधी संपते की घराचे, अशी ही शर्यत. मग गोळीची किंमत ही दुकानदारीची बाब उरत नाही. तो उपचाराचाच भाग होतो.

आणि नेमकी ही गोष्ट मुंबईत, परळच्या त्या रुग्णालयापासून फार दूर नसलेल्या अँटॉप हिलच्या पेटंट कचेरीत ठरली. हकीकत अशी. १९७०च्या आपल्या कायद्यात औषधाच्या कृतीला पेटंट मिळे, औषधाला नव्हे. म्हणून आपल्या कारखान्यांना दुसऱ्या कृतीने तेच औषध बनवता येई. १ जानेवारी २००५ पासून हे बदलले आणि औषधालाच पेटंट मिळू लागले. सोराफेनिबचे भारतातले पेटंट मार्च २००८ मध्ये बायर या जर्मन कंपनीला मिळाले. रोजच्या चार गोळ्या, महिन्याच्या १२०. त्यांची किंमत होती २,८०,४२८ रुपये. भागाकार करून पाहा. एक गोळी सुमारे २,३३७ रुपयांची पडते. म्हणजे सकाळच्या चहाबरोबर दोन घेतल्या, की बऱ्याच पेन्शनरांच्या महिन्यातला मोठा वाटा गेला.

पण त्याच कायद्यात ८४वे कलम होते. पेटंट मिळून तीन वर्षे झाली आणि लोकांची रास्त गरज भागत नसेल, किंमत परवडणारी नसेल, किंवा ते पेटंट भारतात राबवले जात नसेल, तर दुसऱ्याला सक्तीचा परवाना देता येतो. हैदराबादच्या नॅटको कंपनीने आधी बायरकडे राजीखुशीने परवाना मागितला. तो मिळाला नाही, म्हणून जुलै २०११ मध्ये मुंबईत अर्ज केला. ९ मार्च २०१२ला पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी निकाल दिला. औषध गरजूंपैकी जेमतेम दोन टक्क्यांच्या वर पोचले होते. तिन्ही कसोट्यांवर निकाल नॅटकोच्या बाजूने गेला. नव्या पेटंट-व्यवस्थेतला हा भारतातला पहिला सक्तीचा परवाना. अटी अशा होत्या: महिन्याच्या १२० गोळ्या ८,८८० रुपयांपेक्षा अधिक दराने विकायच्या नाहीत, विक्रीवर बायरला ६ टक्के स्वामित्वधन द्यायचे, आणि दर वर्षी किमान ६०० गरजू रोग्यांना औषध फुकट द्यायचे. एक गोळी ७४ रुपये झाली. २,३३७ आणि ७४.

बायरची बाजूही ऐकली पाहिजे. एका औषधामागे दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे जातात, अफाट पैसा जातो, आणि पुष्कळ औषधे वाटेतच बाद होतात. तो खर्च कोठून तरी निघाला पाहिजे, नाही तर उद्याची गोळी कोण शोधील? हा प्रश्न खोटा नाही. म्हणूनच स्वामित्वधन ठरले, आणि अपिलात, मार्च २०१३ मध्ये, ते ७ टक्के झाले. पण मूळ निकाल टिकला. १५ जुलै २०१४ला मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायचे नाकारले. दरम्यान मे २०१२ मध्ये मुंबईच्या सिप्लाने आपल्या सोराफेनिबची महिन्याची किंमत ६,८४० रुपयांवर आणली होती. २०२० साली पेटंटची मुदतच सरली. इतर औषधांना असा परवाना सहजी मिळाला असे मात्र समजू नका. रक्ताच्या कर्करोगावरच्या एका गोळीसाठी मुंबईतच केलेला पुढचा अर्ज २०१३ साली फेटाळला गेला. पण एकदा घडले ते घडले. किंमत ही देवाने ठरवलेली नसते, एवढे तरी त्या निकालाने दाखवून दिले.

अण्णांची गोळी निराळी असली तरी तीही आता अनेक भारतीय कंपन्या बनवतात. खर्च जड आहे. पण अण्णांची पेन्शन आणि मुलाचा पगार मिळून झेपेल असा आहे. मी मुलाला बोलावून घेतले. तो तिशीतला, डोळ्यांत पाणी आणि खिशात दलालाचे कार्ड. त्याला म्हणालो, “अरे, वेढा महिन्यांचा आहे, आणि तू पहिल्या आठवड्यात किल्लाच विकायला निघालास. आधी तीन गोष्टी विचारून ये. या गोळीची स्वस्त, पण मान्यताप्राप्त कंपनीची आवृत्ती चालेल का? महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का? आरोग्यमित्राला भेट, रुग्णालयातल्या समाजसेविकेला भेट. आणि गोळीचा गुण दिसतो की नाही हे कोणत्या स्कॅनवर, किती महिन्यांनी ठरवायचं?” तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गुण नसताना केवळ ‘काही तरी करतो आहोत’ या समाधानासाठी घर विकणे, ही बापावरची माया खरी, पण ती बापाच्या कामाची नव्हे.

फ्लॅट विकला गेला नाही.

ज्यांच्या घरी अशी गोळी चालू असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. रक्तवाहिन्यांवर काम करणारी गोळी असल्याने रक्तदाब वाढतो. घरी यंत्र ठेवून तो मोजावा आणि वहीत मांडावा. तळहात-तळपाय लाल होतात, सोलवटतात, दुखतात. तोंड येते, जुलाब होतात, थकवा येतो, थायरॉईड मंदावू शकते. यांतले पुष्कळसे मात्रा कमी-जास्त करून आवरता येते. म्हणून त्रास लपवू नये, आणि परस्पर गोळी बंदही करू नये. जखमा उशिरा भरतात, तेव्हा दात काढायचा असला तरी आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारावे. शेजाऱ्यांनी सांगितलेला काढा त्यांना न सांगता घेऊ नये. आणि ज्यांच्या घरी सुदैवाने असे काही नाही, त्यांनी एकच लक्षात ठेवावे: न दुखता एकदा जरी लघवीतून रक्त गेले, तरी ती उन्हाळी समजू नये. थांबले म्हणून विसरू नये. साधी सोनोग्राफी करून घ्यावी. गाठ मूत्रपिंडात एकटी आहे तोवर तिला वेढा घालावा लागत नाही. ती उचलून बाहेर टाकता येते.

गोळी सुरू होऊन आता आठ महिने झाले. दुसऱ्या स्कॅनमध्ये फुप्फुसातली पिले लहान झालेली दिसली, तिसऱ्यात तेवढीच राहिली. ‘तेवढीच’ हा शब्द इतका गोड असू शकतो, हे मला डॉक्टरकीच्या इतक्या वर्षांत प्रथमच कळले. अण्णांच्या भुवया पांढऱ्या झाल्या आहेत. हाही या कुळातल्या गोळ्यांचा एक चाळा. वहिनी म्हणतात, आता ते अगदी ऋषी दिसतात.

परवा वहिनी दिवाळीचे विचारायला आल्या होत्या. पहिल्या दिवशीचे अभ्यंगस्नान करू द्यावे का? मी म्हणालो, जरूर करू द्या, पण पाणी कढत नको, कोमट घ्या, आणि तळहात-तळपायांना उटणे घासू नका. ते खोबरेल लावून तसेच राहू द्या. चकली तोंडाला बोचेल. रव्याचा लाडू दुधात कुस्करून द्या. वहिनींनी सगळे मान डोलावून ऐकले आणि जाता जाता म्हणाल्या, “आकाशकंदील मात्र स्वतःच लावणार म्हणतात. स्टुलावर चढतील, तुम्ही जरा दटावा.”

मी दटावले नाही. संध्याकाळी मुलगा स्टूल धरून उभा होता, सूनबाई वायर धरून, आणि अण्णा सोललेल्या तळहातांवर सुती मोजे चढवून गॅलरीत कंदील बांधत होते. पुढची दिवाळी कोणी पाहिली आहे? अण्णांनी नाही, तशी मीही नाही. पण खालून मी पाहिले तेव्हा कंदील लागला होता, आणि अण्णा वरून मला ओरडून सांगत होते, “डॉक्टर, वेढा चालू आहे!”